डीव्हीडी ऑथरिंगचं जुनं सॉफ्टवेअर थांबलं, आता काय वापरावं?

वेंगुर्ल्याचा वारा

नमस्कार मंडळी.

मी सिंधुदुर्गात जत्रांमधल्या दशावतारी नाटकांचं आणि लग्नमुंजींचं शूटिंग करतो. एडिटिंग झालं की शेवटी डीव्हीडी बनवायची: मेनू, प्रवेशांप्रमाणे चॅप्टर, कव्हर, सगळं. हे ऑथरिंगचं काम इतकी वर्षं अ‍ॅडोबी एन्कोर या सॉफ्टवेअरवर चाललं. त्याची शेवटची आवृत्ती सीएस६, २०१२ सालची. पुढे काही आलं नाही, पण माझं अडलंही नाही, कारण हात बसला होता. फोटोशॉपमध्ये मेनू करायचा, बटणाच्या लेयर-ग्रुपच्या नावाआधी कंसात अधिकचं चिन्ह, उजळणाऱ्या लेयरच्या नावाआधी कंसात बरोबर-एक. एन्कोर ते आपोआप ओळखतं.

गेल्या महिन्यात जुन्या मशीनचा मदरबोर्ड गेला. हार्ड डिस्क सलामत आहे. नवीन मशीन विंडोज ११ चं घेतलं. दुसरं म्हणजे कच्चा मालच बदललाय. पूर्वी सगळं फुटेज माझ्या कॅमेऱ्याचं असायचं, आता अर्धं लोकांच्या मोबाइलवरून येतं आणि त्यातल्या बऱ्याच फाइल एन्कोर घेतच नाही.

मागणी अजून आहे. कार्तिकात जत्रा सुरू व्हायच्या आधी मला ठरवायचंय की नवं सॉफ्टवेअर शिकावं की जुनंच परत उभं करावं. देवनागरी मेनू लागतात, आणि मालवणी न कळणाऱ्यांसाठी कधी कधी प्रमाण मराठीत सबटायटलही. फुकट असो की विकत, चालेल. अनुभव सांगा.

चौकट

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. २०१२ चं सॉफ्टवेअर आणि १९९६ चा फॉरमॅट यांच्या मागे वेळ का घालवताय? नवीन लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. पेन ड्राइव्हवर एक एमपी४ टाका, टीव्हीला लावा, झालं. चित्रही फुल एचडी. डीव्हीडी म्हणजे ७२० बाय ५७६. तुमचंच सुंदर शूटिंग तुम्ही बारीक करून देताय.

वेंगुर्ल्याचा वारा

राग कसला, हा प्रश्न मला रोज विचारतात. दोन वर्षं पेन ड्राइव्ह देऊन बघितले. सहा महिन्यांनी त्याच घरी गेलो तर नातवाने त्यात गाणी भरलेली, नाटक पुसलेलं. काही टीव्ही फक्त फॅट३२ वाचतात आणि त्यात ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही. मग नाटकाचे तुकडे करा, तुकड्यांची नावं टीव्हीवर इंग्रजीत, क्रम उलटसुलट.

माझी मावशी ऐंशीच्या घरात आहे. तिला डिस्क घालता येते आणि रिमोटचे चार बाण कळतात. कपाटात कव्हरवर फोटो दिसतो, त्यावरून ती नाटक निवडते. एचडी मी देतोच, ज्यांना हवं त्यांना. पण मावशीसारखी माणसं माझ्या गिऱ्हाइकांत निम्मी आहेत.

मीनल_ठाणे

वारा यांना अनुमोदन. बाबांच्या खोलीत डीव्हीडी प्लेअर अजून रोज चालतो. स्मार्ट टीव्हीवर ते आमच्यापैकी कुणाला तरी हाक मारतात, डीव्हीडी एकटे लावतात.

जुनं रीळ

वारा, मी पुण्यात कॅसेट आणि रिळांचं डिजिटायझेशन करतो. मीही याच वळणावर उभा होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भीती काढून टाका. सॉफ्टवेअरला अपडेट नाहीत म्हणजे ते मेलं, हे मोबाइलच्या अ‍ॅपला लागू पडतं. डीव्हीडी-व्हिडिओचं मानक गोठलेलं आहे. चित्र एमपेग-२, बिटरेट (सेकंदाला किती डेटा) जास्तीत जास्त ९.८ एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, आवाज एसी-३ (दाबलेला) किंवा पीसीएम (न दाबलेला), व्हिडिओ_टीएस फोल्डरात आयएफओ, बीयूपी, व्हीओबी या फाइल. यातलं काहीही उद्या बदलणार नाही. २०१२ साली एन्कोरने बनवलेली बिनचूक डिस्क आजही बिनचूकच आहे.

बदलतात त्या दोन गोष्टी. एक, खालची ऑपरेटिंग सिस्टीम. दोन, वरून येणाऱ्या फाइल. तुमचे मोबाइल बहुतेक एचईव्हीसी या नव्या व्हिडिओ प्रकारात रेकॉर्ड करत असणार. तो प्रकार मंजूरच २०१३ मध्ये झाला, मग २०१२ च्या सॉफ्टवेअरला तो कळणार कसा?

म्हणून मी कामाचे तीन तुकडे केले. एन्कोडिंग वेगळं, ऑथरिंग वेगळं, बर्निंग वेगळं. एन्कोडिंगला सतत ताजं राहणारं काहीतरी घ्या. मी एफएफएमपेग घेतो. त्यात टार्गेट म्हणून ‘पाल-डीव्हीडी’ दिलं की मापं, फ्रेमरेट, आवाज सगळं डीव्हीडीच्या नियमात बसवून देतं, बिटरेट तेवढा आपण ठरवायचा. ती तयार एमपेग-२ आणि एसी-३ फाइल जुन्या ऑथरिंगला द्यायची. त्याला आता काहीच रूपांतर करायचं नाही, फक्त मेनू आणि चॅप्टर जोडायचे. शेवटी आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल, बनवायचा आणि बर्न करायला इमगबर्न. त्याचीही शेवटची आवृत्ती २.५.८, २०१३ ची, आणि मी आजही तेच वापरतो.

असं केलं की उद्या एक तुकडा बंद पडला तरी बाकीचे दोन जागेवर राहतात.

तांबडी माती

जुनं रीळ यांच्याशी नव्वद टक्के सहमत. दहा टक्के असहमत ते इथे: नव्या मशीनवर जुनं उभं करण्यात जो वेळ जाईल तेवढ्यात नवं शिकून होतं. डीव्हीडीस्टायलर बघा. मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोजवर आणि लिनक्सवर चालतं. मेनूवर बटण ओढून टाका, प्रवेशाला जोडा. आतमध्ये डीव्हीडीऑथर आणि एफएफएमपेगच काम करतात. त्यालाही बरेच दिवस नवीन आवृत्ती नाही, हे खरं. पण स्रोत खुला असल्यामुळे कुणीतरी ते चालू ठेवू शकतं. बंद पेटीतल्या सॉफ्टवेअरचं तसं नसतं.

एन्कोरचं फोटोशॉपशी जे गूळपीठ होतं ते मात्र कुठेच मिळणार नाही, ही तयारी ठेवा.

वेंगुर्ल्याचा वारा

डीव्हीडीस्टायलर काल रात्री उतरवून बघितलं. मेनू तासाभरात जमला. पण सबटायटलची एसआरटी फाइल दिली तर ‘किती’ची पहिली वेलांटी गेली ‘क’च्या उजवीकडे आणि ‘क्ष’चे दोन तुकडे. हे माझंच काही चुकतंय का?

एकार

चूक तुमची नाही. डीव्हीडीवर सबटायटल मजकूर म्हणून राहतच नाहीत, त्यांची छोटी छोटी चित्रं बनतात. ती चित्रं बनवणाऱ्या स्पूमक्ससारख्या जुन्या साधनांना एकामागून एक अक्षर ठेवणं तेवढं येतं. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना व्यंजनानंतर येते आणि दिसताना आधी, जोडाक्षरात दोन अक्षरं मिळून तिसराच आकार होतो. ही मांडणी करणारा भाग त्यांच्यात नाही.

उपाय सोपा. चित्रं आपण बनवून द्यायची. सबटायटल एडिट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते विंडोजचीच अक्षरमांडणी वापरतं, त्यामुळे देवनागरी नीट येते. त्यातून चित्रांच्या स्वरूपात एक्स्पोर्ट करा. एन्कोरसाठी ‘फॅब इमेज स्क्रिप्ट’ हा पर्याय आहे, एन्कोर तो थेट आयात करतं. डीव्हीडीऑथरच्या वाटेने जाणार असाल तर स्पूमक्सला पीएनजी आणि वेळांची यादी द्या.

टाइप जाड निवडा. सबटायटलच्या चित्राला एका वेळी चारच रंग मिळतात, त्यातला एक पारदर्शक. बारीक टाइपाच्या कडा त्यात फाटतात, आणि अनुस्वार तर जुन्या टीव्हीवर दिसेनासाच होतो.

मीनल_ठाणे

एकार, वाखु (वाचनखूण) साठवली. आमच्या महिला मंडळाच्या मंगळागौरीच्या डीव्हीडीत हेच झालं होतं. ‘शिवशक्ती’ शब्द वाचताना सगळ्या हसत होत्या आणि ज्या मुलीने रात्र जागून ती केली ती बिचारी रडायची बाकी होती. तिला हा दुवा पाठवते.

पिट्सबर्गकर

इथे आमच्या मंडळात नाटकांच्या डीव्हीडी मीच करतो, तर दोन पैसे माझेही.

आम्ही टीएमपीजीएन्क ऑथरिंग वर्क्स विकत घेतलं. पेगासिस या जपानी कंपनीचं आहे, सध्याची आवृत्ती ७. या धाग्यातल्या नावांत ज्याच्यामागे आजही कंपनी उभी आहे असं हे एक. मोबाइलच्या फाइल सरळ घेतं, डीव्हीडी आणि ब्लू-रे दोन्ही बनवतं, आणि फाइल आधीच नियमात बसणारी असेल तर पुन्हा एन्कोड न करता जशीच्या तशी वापरतं. मेनूचे तयार नमुने दिसायला तितकेसे बरे नाहीत, पण आपलं चित्र पार्श्वभूमीला घालता येतं. देवनागरी अक्षरं त्या चित्रातच लिहून टाका, म्हणजे मांडणीचा प्रश्नच येत नाही.

वारा, तुमच्या डिस्क अमेरिकेला येत असतील तर एक विनंती. घरी बनवलेल्या डिस्कला रीजनचं कुलूप नसतं, पण पाल (भारतातली) आणि एनटीएससी (इथली) या टीव्हीच्या दोन पद्धतींचा फरक राहतोच. इथले बरेच प्लेअर पाल वाचत नाहीत. भारतातले प्लेअर मात्र सहसा दोन्ही वाचतात. माझ्या आईने भाच्याच्या मुंजीची डिस्क हौसेने पाठवली आणि इथे पडदा काळाच राहिला. शेवटी ती आम्ही कॉम्प्युटरवर बघितली.

ओळंबा

मोबाइलच्या फुटेजला तर एनटीएससीच बरं. मोबाइल सेकंदाला तीस फ्रेम घेतो. त्या पालच्या पंचवीसमध्ये कोंबल्या की दर सेकंदाला पाच फ्रेम गळतात आणि नाचताना पाय अडखळल्यासारखे दिसतात. एनटीएससीला २९.९७ असतात, जवळपास जसंच्या तसं बसतं.

शिवाय मोबाइलचा फ्रेमरेट स्थिर नसतो, प्रकाशाप्रमाणे वरखाली होतो. दहा मिनिटांनंतर पखवाजावर हात पडतो आधी आणि आवाज येतो नंतर, तो याच कारणाने. ऑथरिंगच्या आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून ‘स्थिर फ्रेमरेट’ निवडून एकदा काढा.

चौकट

मान्य, पेन ड्राइव्हवरचा माझा हट्ट सोडला. मावशींचं कपाट डोळ्यांसमोर आलं. पण एक सांगा, तीन-चार तासांचं नाटक एका डिस्कमध्ये कसं बसवता? ४.७ जीबी म्हणजे काहीच नाही.

जुनं रीळ

चांगला प्रश्न. ४.७ जीबी म्हणजे ४७० कोटी बाइट. आठने गुणा, सेकंदांनी भागा. तीन तासांचे १०,८०० सेकंद, उत्तर येतं साडेतीन एमबीपीएसच्या किंचित खाली, आवाज धरून. व्याख्यानाला ते चालून जातं. दशावताराला नाही.

दोन थरांची ८.५ जीबीची डिस्क घेतलीत तर तेच तीन तास सव्वासहा एमबीपीएसने बसतात.

वेंगुर्ल्याचा वारा

बरोबर दुखण्यावर बोट ठेवलंत. रात्रीचा मांडव, मागे गडद पडदा, हॅलोजनचा उजेड, आणि त्यात संकासुर. सगळा काळा वेष, वर लाल जीभ, आणि तो एका जागी उभा राहत नाही. कमी बिटरेटला त्या काळ्या झग्यात चौकोन चौकोन उमटतात. एकदा एका वयस्कर कलाकाराने माझ्या घरी बसून आपला संकासुर बघितला आणि विचारलं, “ह्या माज्या अंगावर लाद्यो कसल्यो बसयल्यात?” त्या दिवसापासून आख्यान मी दोन डिस्कवर देतो. आडदशावतार (आख्यानाआधीचा पूर्वरंग) आणि आख्यानाचा पूर्वार्ध एकावर, उत्तरार्ध दुसऱ्यावर.

दोन थरांची डिस्क महाग पडते, आणि आमच्याकडचे काही जुने प्लेअर ती वाचतही नाहीत.

तांबडी माती

बिटरेटचा कमाल आकडा ९.८ असला तरी तिथवर जाऊ नका. बर्न केलेली डिस्क छापील डिस्कपेक्षा कमी प्रकाश परतवते, स्वस्त प्लेअर गोते खातात. मी आठच्या वर जात नाही.

ओळंबा

आठसुद्धा जास्त. आवाज पीसीएम ठेवलात तर तोच दीड एमबीपीएस खातो. आवाज एसी-३ करा, तो वाचलेला बिटरेट चित्राला द्या आणि शिखर, म्हणजे कमाल बिटरेट, सातवर थांबवा.

तांबडी माती

आवाज एसी-३, एकदम मान्य. पण सातवर तो काळा झगा सुटणार नाही हो. तासाभराचा भाग असेल तर आठच.

अशील

अवांतर होतंय, पण डिस्क अजून कुठे लागते ते सांगतो. मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. सीसीटीव्हीचं किंवा मोबाइलचं चित्रीकरण पुराव्यात देताना आम्ही ते आजही बहुतेक वेळा सीडी-डीव्हीडीवर देतो, सोबत प्रमाणपत्र. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली असायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली. तिथे मेनू वगैरे काही नको, मूळ फाइल जशीच्या तशी डेटा डिस्क म्हणून लिहायची. एका पक्षकाराने दुकानातून ‘छान मेनूवाली’ डीव्हीडी करून आणली होती. म्हणजे मूळ फाइलचं रूपांतर झालं. सगळं पुन्हा करावं लागलं. कुणी असं काम घेऊन आलं तर ऑथरिंग करू नका, एवढंच सांगायला आलो.

पोतडी

मोझर बेअरच्या कोऱ्या डिस्कची पन्नासची थप्पी आठवते का कुणाला? मधे काळा दांडा, वरून पारदर्शक झाकण. लॅमिंग्टन रोडवरून दोन थप्प्या आणायच्या आणि सगळ्या लग्नसराईत पुरवायच्या. २०१८ मध्ये कंपनी अवसायनात गेली. तैयो युदेननेही २०१५ च्या शेवटी हा धंदा सोडला. सॉफ्टवेअरपेक्षा मला चांगल्या कोऱ्या डिस्कची काळजी जास्त वाटते. वारा, एका वर्षाचा साठा करून ठेवा, उन्हापासून लांब.

आणि डिस्कवर कागदी स्टिकर चिकटवू नका. फिरताना तोल जातो, गोंद सुटतो. पाण्याच्या शाईचा मार्कर किंवा प्रिंट होणारी पांढरी डिस्क.

गंधार_मॅक

मॅकवाल्यांसाठी काही? आयडीव्हीडी फार आवडायचं.

तांबडी माती

आयडीव्हीडीची शेवटची आवृत्ती आयलाइफ ११ मधली. मॅकओएसची कॅटालिना आवृत्ती आल्यापासून मॅकने ३२ बिटची सगळी सॉफ्टवेअर बंद केली, त्यात ते आणि डीव्हीडी स्टुडिओ प्रो दोन्ही गेली. त्याआधीच्या मोहावे आवृत्तीवरचा जुना मॅक कुणी देत असेल तर घ्या आणि त्या एकाच कामाला ठेवा. नाहीतर रॉक्सिओ टोस्ट हे सॉफ्टवेअर. विंडोजचं स्वतःचं डीव्हीडी मेकर होतं, तेही विंडोज ७ नंतर काढून टाकलं.

एकार

मूळ प्रश्नाकडे येऊ या. वारा, तुमच्या जुन्या प्रोजेक्ट फाइलचं काय? एन्कोरची प्रोजेक्ट फाइल दुसऱ्या कशातच उघडत नाही. ज्या नाटकांची मागणी पुन्हा येते, त्यांचे आयएसओ काढून ठेवलेत का?

वेंगुर्ल्याचा वारा

निम्म्यांचे आहेत. उरलेल्यांची मास्टर डिस्क आहे आणि प्रोजेक्ट हार्ड डिस्कवर.

जुनं रीळ

मग आजपासून ते पहिलं काम. मास्टर डिस्क वाचते आहे तोवर तिचा आयएसओ काढा. इमगबर्नमध्ये ‘रीड’ आहे, दहा-पंधरा मिनिटांत एक डिस्क होते. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. आयएसओ हातात असला की कुठल्याही मशीनवरून डिस्क निघते, ऑथरिंग सॉफ्टवेअर लागतच नाही. सोबत एडिट केलेली मूळ एचडी फाइल, पीएसडी मेनू आणि एसआरटी. त्या माणसांपैकी किती जण आज रंगमंचावर नाहीत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

वेंगुर्ल्याचा वारा

खरं आहे. त्या लाद्या विचारणारे बुवा गेल्या चैत्रात गेले. त्यांच्या शेवटच्या दोन आख्यानांच्या मास्टर आजच सकाळी काढल्या. एक सरळ आली. दुसरी शेवटच्या वीस मिनिटांत अडखळली, ड्राइव्ह बदलून तिसऱ्या खेपेला आली.

मीनल_ठाणे

आली ना. बास.

वेंगुर्ल्याचा वारा

तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण धागा अर्धवट सोडायचा नव्हता.

जुनी हार्ड डिस्क एका सेकंड-हँड मशीनला लावून एन्कोर चालू केलं. ते मशीन इंटरनेटला जोडत नाही, त्यावर दुसरं काही करत नाही. जुन्या प्रोजेक्टमधून राहिलेले सगळे आयएसओ काढले, एकूण ६३ झाले. ते काम संपलं की एन्कोरला विश्रांती.

नवीन कामाला तुकड्यांचीच वाट घेतली. एन्कोडिंग एफएफएमपेगने. मोबाइलचं फुटेज आधी हँडब्रेकमधून, स्थिर फ्रेमरेट. माझा कॅमेरा पालचा आहे म्हणून नाटकं पालमध्ये, मोबाइलवरची लग्नं आणि परदेशी जाणाऱ्या डिस्क एनटीएससीत. ऑथरिंगला टीएमपीजीएन्कची चाचणी आवृत्ती आणि डीव्हीडीस्टायलर दोन्ही आठ-आठ दिवस वापरली. शेवटी डीव्हीडीस्टायलरवर थांबलो, कारण बटणं मला हवी तिथे ठेवता येतात आणि माझा फोटोशॉपमधला मेनू चित्र म्हणून तसाच बसतो. सबटायटलवाल्या डिस्क वेगळ्या काढतो: सबटायटल एडिटमधून चित्रं, पुढे स्पूमक्स आणि डीव्हीडीऑथर. पहिल्या दिवशी हात थरथरले, आता जमतं. शिखर साडेसात ठेवलं, तांबडी माती आणि ओळंबा दोघांचंही ऐकून.

चाचणीला आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी) डिस्क वापरतो, म्हणजे कोरी वाया जात नाही. कॉम्प्युटरवर व्हीएलसी हे प्लेअर सॉफ्टवेअर सगळं चालवून घेतं, चुका पोटात घालतं, म्हणून खरी परीक्षा मावशीच्या प्लेअरवर. पहिल्या खेपेला तिने बाण दाबले आणि म्हणाली, “ह्या पिवळ्यावर पिवळा माका कसा दिसतला?” बटणाचा उजळ रंग माझ्या भगव्या पार्श्वभूमीत मिसळत होता. एन्कोरच्या स्क्रीनवर आणि माझ्या मॉनिटरवर तो इतकी वर्षं छान दिसत होता. आता निवडलेल्या बटणाला जाड पांढरी चौकट आणि बाजूला हाताचा पंजा असं केलंय. अक्षरं कडेपासून दहा टक्के आत घेतली, कारण तिच्या जुन्या टीव्हीत पहिली ओळ कापली जायची.

दुसऱ्या खेपेला तिने चष्मा न लावता ‘प्रवेश चौथा’ काढला.

पिट्सबर्गकर

ती मुंजीची डिस्क माझ्याकडे अजून आहे. आयएसओ काढून पाठवला तर एनटीएससी करून द्याल का? आईला व्हिडिओ कॉलवर दाखवायचंय की इथे लागली.

वेंगुर्ल्याचा वारा

पाठवा. एकदा एमपेग-२ झालेलं पुन्हा फिरवायचं म्हणजे थोडी झीज होईल, म्हणून मूळ टेप कुणाकडे आहे का तेही आईंना विचारा. असली तर तिच्यावरूनच करू.

पिट्सबर्गकर

विचारलं. मामाच्या माळ्यावर मिनी डीव्ही टेपांची पिशवी आहे म्हणे. दिवाळीत पुण्याला येतोय, जुनं रीळ यांच्याकडे घेऊन जातो.

जुनं रीळ

या. टेपा उन्हात ठेवू नका आणि कुणालाही जुन्या कॅमेऱ्यात घालून बघायला देऊ नका. डीव्हीच्या प्रत्येक फ्रेमच्या दोन फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं) असतात आणि त्यात पहिली खालची असते, ते मी एन्कोड करताना बघून घेईन. नाहीतर मुंजमुलगा सबंध डिस्कभर थरथरताना दिसायचा.